सभागृहाचा वकील कोण?

मामा विधानभवनात प्रतिवेदक होते. सभागृहात जे बोललं जाईल ते लघुलिपीत उतरवायचं, मग खोलीत येऊन टंकायचं. निवृत्त झाले तरी कुणी बोलताना अडखळलं की त्यांची बोटं आपोआप थांबतात. त्यांची भाची, म्हणजे माझी बायको, ठाणे आणि कल्याणच्या न्यायालयांत वकिली करते. मामा नौपाड्यात राहतात, आम्ही डोंबिवली पूर्वेला. दोघं भेटली की एक सभागृहाच्या बाजूनं उभं राहतं आणि एक न्यायालयाच्या. मला वाटतं, दोघांनाही आपापल्या घराचा अभिमान आहे आणि आपापल्या घरातली घाणही ठाऊक आहे.

या वेळी निमित्त होतं प्रार्थनास्थळांच्या १९९१ च्या कायद्याचं. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ज्या प्रार्थनास्थळाचं जे धार्मिक स्वरूप होतं ते तसंच राहील, असं सांगणारा आणि अयोध्येला त्यातून वगळणारा हा कायदा. त्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये मुंब्रा-कळव्याचे आमदार जितेंद्र आव्हाड यांनी त्यात हस्तक्षेप अर्ज केला. कायदा टिकला पाहिजे, ही त्यांची भूमिका. राज्यसभेतले मनोज झा यांच्यासारखे आणखी काही लोकप्रतिनिधीही असेच अर्ज घेऊन गेले. १२ डिसेंबरला सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या पीठानं देशभरच्या न्यायालयांना सांगितलं की असे नवे दावे नोंदवू नका आणि चालू दाव्यांत सर्वेक्षणासारखे परिणामकारक आदेश देऊ नका. त्याच्या दोनच दिवस आधी कल्याणच्या दिवाणी न्यायालयानं दुर्गाडी किल्ल्याच्या मालकीचा १९७६ पासूनचा दावा मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला होता. तो वाद वेगळा, मालकीचा, आणि या कायद्याच्याही आधीचा. पण कल्याणमध्ये त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर दोन्ही बातम्या एकत्रच ढवळल्या जात होत्या.

मामा : आव्हाडांनी अर्ज केला, करू दे. नागरिक आहेत, मतदारसंघ तसा आहे, चिंता खरी असेल. पण ‘आमदार गेले न्यायालयात’ असं जे छापून येतं ना, ते मला खटकतं. सभागृहानं त्यांना पाठवलेलं नाही. आणि कायदा केला संसदेनं, हे सदस्य विधानसभेचे.

भाची : बरोबर आहे. पण मग सभागृहानं पाठवलेला कोण आहे तिथे? संसदेनं केलेल्या कायद्यावर खटला चाललाय. नोटीस निघाली मार्च २०२१ मध्ये. डिसेंबर २०२४ उजाडला तरी केंद्र सरकारचं उत्तर दाखल नव्हतं. कायद्याच्या बाजूनं बोलायला कोण पुढे आलं? एखादा खासदार, एखादा आमदार, काही पक्ष, काही संस्था. ज्यांनी कायदा केला ती संसद कुठे आहे?

मामा : संसदेचं काम कायदा करून संपलं. त्याचा बचाव सरकार करतं. पूर्वापार असंच आहे.

भाची : आणि सरकारला बचाव करायचाच नसेल तर?

मामांनी उत्तर दिलं नाही. मला हा प्रश्न या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो, म्हणून इथे थोडं थांबतो. आपल्या राज्यघटनेत महाधिवक्ता आहे, अनुच्छेद १६५. तो सल्ला देतो राज्य सरकारला. गंमत म्हणजे अनुच्छेद १७७ नुसार त्याला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत जाऊन बोलता येतं, फक्त मत देता येत नाही. म्हणजे सरकारच्या वकिलाला सभागृहात तोंड आहे, पण सभागृहाला न्यायालयात स्वतःचं तोंड नाही. आजवर हे फारसं कुणाला अडलं नाही, कारण सरकार आणि सभागृहातलं बहुमत ही एकाच पक्षाची दोन नावं असतात. अडतं केव्हा? कायदा जुना असतो आणि सरकार नवं असतं तेव्हा.

भाची : अमेरिकेत हे शंभर वर्षांपूर्वी झालं. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या पोस्टमास्तरला, मायर्सला, राष्ट्राध्यक्ष विल्सननी सिनेटला न विचारता काढून टाकलं. कायदा सांगत होता, सिनेटची संमती लागेल. खटला वर गेला, तेव्हा सरकारचा वकील कायद्याच्या विरुद्धच बोलायला उभा! मग न्यायालयानंच सिनेटर जॉर्ज व्हॉर्टन पेपर यांना न्यायमित्र, म्हणजे पक्षकार नसताना न्यायालयाला मदत करणारा, म्हणून बोलावलं. काँग्रेसनं केलेल्या कायद्याची बाजू त्यांनी मांडली.

मामा : आणि निकाल?

भाची : १९२६ मध्ये लागला. कायदा घटनाबाह्य ठरला.

मामा : म्हणजे हरले.

भाची : हरले, पण ऐकून घेतल्यावर हरले. पुढे १९७८ मध्ये सिनेटनं स्वतःचं कायमचं वकील-कार्यालयच उभं केलं.

मामा : अगं, मी तुला आपल्याकडचंच सांगतो. केशव सिंग प्रकरण. गोरखपूरचा माणूस. उत्तर प्रदेश विधानसभेनं हक्कभंगासाठी तुरुंगात टाकला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला. सभागृह इतकं तापलं की त्या न्यायमूर्तींनाच धरून आणा, असा ठराव झाला! मार्च १९६४. शेवटी राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. सात न्यायमूर्ती बसले, अध्यक्षस्थानी आपले गजेंद्रगडकर. आणि विधानसभेच्या बाजूनं उभे कोण होते? एच. एम. सीरवई. तेव्हा महाराष्ट्राचे महाधिवक्ता. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं की आम्ही हजर झालो याचा अर्थ आमचे विशेषाधिकार ठरवण्याचा अधिकार तुम्हाला दिला, असा नाही. याला म्हणतात सभागृहाचा ताठा!

भाची : मामा, तुम्ही माझंच सांगताय. ते ताठ होते, पण उभे होते. दिवसच्या दिवस बोलले. मत सभागृहाच्या विरुद्ध गेलं, तरी आज कुणीही विशेषाधिकारांचा अभ्यास करायला बसलं की सीरवईंची बाजू वाचावी लागते. आणि आपल्या सभागृहानं २०२० मध्ये काय केलं?

मामांना हे दुखतं. सप्टेंबर २०२० मध्ये ओवळा-माजिवड्याचे आमदार प्रताप सरनाईक यांनी पत्रकार अर्णब गोस्वामी यांच्याविरुद्ध विधानसभेत हक्कभंगाचा प्रस्ताव आणला. गोस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले. मग विधानमंडळ सचिवालयातून त्यांना एक पत्र गेलं, आणि त्यातल्या भाषेवरून ६ नोव्हेंबरला सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठानं पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला अवमानाची कारणे दाखवा नोटीस काढली. न्यायालयानं मदतीला न्यायमित्र नेमला, ज्येष्ठ वकील अरविंद दातार. डिसेंबरच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी ठराव केला की या हक्कभंग प्रकरणात न्यायालयाच्या नोटिशींची दखल घ्यायची नाही आणि उत्तरही द्यायचं नाही.

भाची : म्हणजे न्यायालयात न्यायमित्र होता, याचिकाकर्ता होता, सगळे होते. फक्त ज्याच्या अधिकाराचा प्रश्न तेच गैरहजर. आणि याला आपण सार्वभौमत्व म्हणायचं?

मामा : अनुच्छेद २१२ वाच. सभागृहाच्या कामकाजात न्यायालयानं डोकवायचं नाही.

भाची : वाचलंय. कार्यपद्धतीतल्या अनियमिततेवरून डोकवायचं नाही. बेकायदेशीर असेल तर डोकावता येतं, हे केशव सिंगपासून चालत आलंय. आणि न डोकावण्याचा मुद्दासुद्धा कुणीतरी जाऊन सांगावा लागतो ना? पुढे काय झालं बघा. जुलै २०२१ मध्ये बारा आमदार एका वर्षासाठी निलंबित केले. शेलार आणि इतर विरुद्ध महाराष्ट्र विधानसभा. जानेवारी २०२२ मध्ये न्यायमूर्ती खानविलकरांच्या पीठानं निलंबन रद्द केलं. अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य आणि अतार्किक म्हणून. साठ दिवस गैरहजर राहिलं तर जागा रिकामी ठरवता येते, सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, आणि तुम्ही वर्षभर मतदारसंघ बिनआमदाराचा ठेवताय! हे गणित सभागृहात कुणी मांडलं होतं का?

मामा : (थोडं थांबून) नाही. गोंधळ होता.

इथे मामांनी चष्मा काढला आणि मला वाटलं, संपलं. पण ते नुसती काच पुसत होते.

मामा : आता माझं ऐक. तुझ्या म्हणण्याप्रमाणे सभागृहानं न्यायालयात आपला न्यायमित्र पाठवला, तर तो उभा राहणार सभागृहाच्या नावानं. त्याला सूचना कोण देणार? पीठासीन अधिकारी? जून २०२२ आठव, शिवसेनेतली फूट. ठाण्याचे एकनाथ शिंदे, अंबरनाथचे किणीकर, असे सोळा आमदार. अपात्रतेच्या नोटिसा काढल्या उपाध्यक्ष झिरवाळांनी. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयानं आमदारांना उत्तरासाठी मुदत वाढवून दिली. आठवडाभरात, ३ जुलैला, नवे अध्यक्ष निवडले गेले. खुर्ची तीच, माणूस समोरच्या बाकावरचा. समजा २७ जूनला सभागृहाचा वकील उभा असता तर तो एक बोलला असता, आणि जुलैत त्याच फायलीवर बरोबर उलटं. न्यायमूर्तींनी यातलं कुठलं सभागृहाचं मत मानायचं?

भाची : हा खटला तर सभागृहातल्याच भांडणाचा होता. तिथे सभागृह न्यायमित्र होऊच शकत नाही, ते तर पक्षकार.

मामा : बरं, मग तुझ्याच १९९१ च्या कायद्याकडे ये. तो केला दहाव्या लोकसभेनं. ती लोकसभा आता नाही. आज जर संसदेनं निवेदन दाखल करायचं ठरवलं, तर ते आजच्या बहुमताचं असेल. ज्या पक्षानं तेव्हा विधेयकाला कडाडून विरोध केला, तो आज सत्तेत आहे. तुला संसदेचा आवाज हवाय, मिळेल सरकारचाच आवाज, फक्त दुसऱ्या लेटरहेडवर. अमेरिकेतही तेच झालं की नाही, तूच मागे सांगत होतीस, ते समलिंगी विवाहांना मान्यता न देणाऱ्या कायद्याचं?

भाची : हो. २०११ मध्ये ओबामा सरकारनं त्या कायद्याचा बचाव सोडला, तेव्हा प्रतिनिधीगृहाच्या पाच जणांच्या गटानं वकील दिला. तीन विरुद्ध दोन. पक्षांप्रमाणेच मतं पडली.

मामा : झालं तर! तीन जणांच्या मताला ‘सभागृह’ म्हणायचं?

मला हा मुद्दा तिला अडवणारा वाटला. ती वकील असल्यानं अडल्याचं दाखवत नाही, पाणी पिते. मामांनी मात्र तेवढ्यात पुढची चाल केली, आणि ती त्यांच्या आयुष्याचीच होती.

मामा : सभागृहाला वेगळा वकील कशाला? सभागृह जे बोललं ते लिहिलेलं असतं. आम्ही लिहिलंय. २०१९ चा अयोध्येचा निकाल काढ. पाच न्यायमूर्तींनी १९९१ चा कायदा कशासाठी झाला हे सांगताना काय उद्धृत केलंय? गृहमंत्र्यांचं १० सप्टेंबर १९९१ चं लोकसभेतलं भाषण. गृहमंत्री म्हणजे आपले नांदेडचे शंकरराव चव्हाण. अठ्ठावीस वर्षांनी कार्यवृत्त उघडलं आणि तिथे शब्द होते. यापेक्षा मोठं न्यायमित्राचं निवेदन कुठलं?

भाची : सुंदर. पण कुणाचं भाषण, मामा? मंत्र्याचं. विधेयक मांडणाऱ्याचं भाषण न्यायालय बघतं, हे १९८१ च्या वर्गीस निकालापासून रुळलंय. मांडतो मंत्री, म्हणजे पुन्हा सरकारच. मागच्या बाकावरून कुणी दुरुस्ती सुचवली, कुणी धोका दाखवला, ते वाचायला पीठाला कोण सांगतं? त्या चर्चेत विरोध करणारेही बोललेच होते. तेही सभागृहच.

मामा : तेही लिहिलेलं आहे.

भाची : लिहिलेलं आहे, पण न्यायालयापुढे ठेवलेलं नाही. यात फरक आहे.

मामा : बैलगाडा शर्यतीचं काय मग? आपल्या कल्याण-अंबरनाथच्या पट्ट्यात आगरी पोरांना विचार, किती वर्षं शर्यत बंद होती. विधिमंडळानं २०१७ मध्ये प्राणी-क्रूरता प्रतिबंध कायद्यात दुरुस्ती केली. मे २०२३ मध्ये घटनापीठानं तमिळनाडू आणि कर्नाटकाच्या कायद्यांबरोबर तीही वैध ठरवली. जल्लिकट्टू संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवायला विधिमंडळच योग्य, आणि तमिळनाडूनं ते उद्देशिकेत लिहिलंय तर आम्ही मोडणार नाही, असं म्हणाले. सभागृहानं नीट लिहिलं की न्यायालय ऐकतं. वकील नको, मसुदा चांगला हवा.

भाची : हे मान्य. पण उद्देशिका लिहितो कोण? विधी विभाग. सभागृहात तिच्यावर किती बोलतात? तुम्हीच सांगा, तुम्ही लिहून घेतलंय.

मामा हसले. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे’ हे वाक्य संपायच्या आत किती विधेयकं संमत झालेली त्यांनी पाहिली, हे मी इतर वेळी ऐकलंय. अशा दिवशी प्रतिवेदकाच्या वहीत विधेयकाचं नाव, ‘गोंधळ’ आणि ‘संमत’ यापलीकडे फारसं काही उतरत नाही. मग पाच-दहा वर्षांनी त्या कायद्याला आव्हान मिळतं. न्यायमूर्ती विचारतात की या तरतुदीमागे विधिमंडळाचा विचार काय होता, आणि सरकारी वकील स्वतःच्या डोक्यानं एक विचार तयार करून विधिमंडळाच्या नावावर घालतो. माझं मत विचाराल तर ‘विधिमंडळाचा हेतू’ नावाची जी वस्तू निकालपत्रांत दिसते, तिचा बराचसा भाग न्यायालयातच तयार झालेला असतो.

भाची : म्हणून मी म्हणते, समित्यांपासून सुरुवात करा. मे २०१८ मध्ये कल्पना मेहता प्रकरणात घटनापीठानं सांगितलं, संसदीय समितीचा अहवाल न्यायालयात वापरता येतो. त्याच्या वैधतेवर वाद घालायचा नाही, पण आधार घेता येतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीच्या चाचण्यांचा खटला होता तो. दार उघडं आहे. फक्त आज तो अहवाल कोण नेतो? ज्या पक्षकाराच्या सोयीचा असेल तो, आणि सोयीचं पान तेवढं.

मामा : आणि सभागृहानं नेला तर?

भाची : तर सगळा नेईल. माझी मागणी छोटी आहे. विधानमंडळाचा स्वतःचा एक विधी कक्ष. आपल्या कायद्याला आव्हान मिळालं, की त्यानं न्यायमित्र म्हणून एक निवेदन दाखल करायचं. कायदा वैध की अवैध, यावर एक अक्षर नाही. फक्त विधेयक कधी आलं, कुठल्या समितीत गेलं, कोणत्या दुरुस्त्या आल्या, कोणत्या फेटाळल्या, कोण काय बोललं. आणि समितीच्या अहवालाला जशी भिन्नमतपत्रिका जोडतात, तशी विरोधी पक्षाची जोडायचीच. ऐच्छिक नाही.

मामा : भिन्नमतपत्रिका जोडलेला न्यायमित्र! जगात कुठे आहे?

भाची : नसेल. तुमच्या सभागृहात आहे ना पत्रिका? तिथूनच घेतली.

मामांना हे आवडलं, कारण कल्पना त्यांच्या घरातून उचललेली होती. मला अजून एक शंका आहे आणि ती तिला मी सांगितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच प्रार्थनास्थळांच्या खटल्यात सरन्यायाधीशांनी हस्तक्षेप अर्जांच्या रांगेवर नाराजी बोलून दाखवली, कुठेतरी मर्यादा हवी म्हणाले. प्रत्येक आमदार, प्रत्येक पक्ष, वर सभागृहाचा विधी कक्ष. ऐकणार कोण? तिचं म्हणणं असं की सभागृहाचं एकच अधिकृत निवेदन असेल, तर बाकीच्यांचं काम निम्मं होईल. मला हे पटलं नाही. आव्हाड असोत वा दुसरे कुणी, मतदारांसमोर ‘मी न्यायालयात गेलो’ हे सांगण्याचं मोल वेगळं असतं, आणि ते सभागृहाच्या कागदानं भरून निघत नाही. पण त्यांच्या अर्जांवरून सभागृहाची बाजू आली असं कुणी मानू नये, एवढं तरी होईल.

मामा : ठीक आहे. पण पानांची मर्यादा घाला. आणि विरोधकांची पत्रिका मूळ निवेदनापेक्षा लांब असेल, हे आत्ताच सांगतो.

भाची : असू दे की. कापायची नाही.

मामा : वकिलाची फी?

भाची : सचिवालयाच्या तरतुदीतून. सरकारकडून घ्यायची नाही, नाहीतर पुन्हा त्यांचाच वकील होईल.

मामा : सचिवालयाला तरतूद कुठून येते बाई? विधी कक्ष काढायचा म्हणजे पुरवणी मागणी आणावी लागेल. ती अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी मांडतील आणि नंतर कधीतरी, चर्चा न होता, गोंधळात मंजूर होईल. तुझ्या कक्षाच्या जन्माचं कार्यवृत्त मी आत्ताच लिहून देतो. दोन ओळींचं.